तुपाचं गाणं

टप्.

साखरेच्या डब्याचं झाकण होतं ते. बेडरूममध्ये आम्ही तिघं श्वास धरून बसलो होतो. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडकीला गादी उभी केलेली, भिंतींवर घरातल्या होत्या-नव्हत्या तेवढ्या वाकळा टांगलेल्या. दिग्यानं बोट वर करून 'चालू' अशी खूण केली आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात डबा उघडला.

आक्कांनी माइकसमोरूनच आवाज दिला, "शालन, चहा ठेवतीस व्हय गं? माझ्यात साखर कमी."

दिग्यानं हेडफोन गळ्यात घेतला. "हे पण रेकॉर्ड झालं."

"पुसून टाक," मी म्हटलं.

"चहा येऊ दे मग. घसा भिजल्याशिवाय कोण गाईल ह्या भट्टीत?"

मे महिना होता, कराडचं ऊन होतं आणि तिसरा मजला होता. गिटारच्या तारांना माझा घाम लागून बोटं घसरत होती. पण थांबायला सवड नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांचे दात काढायचे होते. एखाद-दुसरा नव्हे, उरलेले सगळे. कवळी बसवायची होती आणि त्याआधी हिरड्या भरून याव्या लागणार होत्या. कवळी बसल्यावर शब्द कसे येतील, येतील की नाही, हे दातांच्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. तेव्हा आक्कांचं गाणं हवं असेल तर ते आज संध्याकाळच्या आत.

आक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. नाव वत्सला, पण सगळ्या भावकीत आक्काच. शालन म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणते. आणि दिग्या माझा कॉलेजातला मित्र. तेव्हा आमचा बँड होता, मी गाणी लिहायची, गायची आणि लोक कानात बोटं घालायचे. पुढे मी लग्न करून कराडला आले आणि दिग्या रिक्षांवरून फिरणाऱ्या जाहिराती रेकॉर्ड करायला लागला. साड्यांचा सेल, सर्कस, हरवलेला बैल. माइक चांगला होता त्याच्याकडे.

माझी मुलगी रेवा झाल्यावर मी एक अल्बम करायला घेतला. नवी गाणी सुचत नव्हती. झोपच होत नव्हती तर सुचणार कुठून? म्हणून जुनी घेतली. नागपंचमीला बायका हातात हात धरून गोल फिरत म्हणतात ती फेराची गाणी, फक्त गिटारवर, सावकाश, अंगाईसारखी. रेवा झोपली की एक ओळ, उठली की गिटार पलंगाखाली. असं करत एक सोडून सगळी गाणी झाली होती. हे शेवटचं राहिलं तर अल्बम राहणार आणि अल्बम राहिला तर मी पुन्हा काही गिटार काढणार नाही, हे मला आतून कळत होतं. कुणी मना करत नव्हतं, हीच पंचाईत. मना केलं असतं तर भांडून तरी केला असता.

शेवटचं गाणं तुपाचं होतं आणि ते अख्ख्या भागात आक्कांइतकं कुणाला येत नव्हतं. मी ध्रुपद धरायचं, कडवी आक्कांनी म्हणायची, असं ठरलं होतं.

चहा झाला. आत्याबाईंनी रेवाला कडेवर घेऊन दार ओढून घेतलं. दिग्यानं बोट वर केलं. मी तार छेडली. आक्का खुर्चीत ताठ बसल्या, हेडफोनवरून पदर घेऊन, आणि सुरू झाल्या:

*सण आला पंचमीचा, आले मी माहेरी,*
*दिंडं ठेवली उकडाया, तूप न्हाई घरी.*
*तूप कुणी लपवलं गं, सांगा सयांनो?*

"कुणी गं कुणी?" मी म्हटलं. तेवढंच माझं काम.

*रंगूनं लपवलं गं, चुलीच्या मागं!*

आणि मग आक्का थांबल्या. मी तार छेडत राहिले. आक्का माझ्याकडे बघत राहिल्या.

"पुढं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"आक्का, तुम्हालाच माहीत आहे पुढचं."

"माहीत हाय. येत न्हाई." त्यांनी हेडफोन काढला. "बसून गाणं येत न्हाई मला. बसून मला निस्तं जेवाय येतं."

आम्ही खुर्ची काढली. आक्का उभ्या राहून म्हणायला लागल्या तर एका जागी पाय ठरेनात. त्या फिरायला लागल्या तर आवाज माइकपुढून निघून जाऊन कपाटापुढून यायला लागला. दिग्या माइकचा दांडा हातात घेऊन त्यांच्यामागून फिरू लागला. दोनदा आक्का वायरीत अडकल्या, एकदा दिग्या. शेवटी त्यानं माइक छताच्या पंख्याला उलटा बांधला आणि आक्कांना खाली मोकळं सोडलं.

तरीही जमेना. गाणं पुढे जाई, पण मरगळलेलं. ऐकून दिग्यानं तोंड वाकडं केलं. "आमच्या बैल हरवल्याच्या जाहिरातीत यापेक्षा जीव असतो, केतकी."

"एकटीनं फेर धरतंय का कुणी?" आक्का म्हणाल्या. "हातात हात पाहिजे. आणि रंगू, रंगू म्हणायला रंगू कुठाय हितं? ती बसलीया गावाला. फेरात ज्या भावजयीचा हात आपल्या हातात, तिचं नाव घालायचं असतंय. हवेत कुणाचं नाव घालू?"

मी गिटारला बांधलेली. दिग्या हात पुढे करायला तयार होता, पण आक्का म्हणाल्या, "तू भावजय न्हाईस," आणि तो विषय संपला.

मी दार उघडून हाक मारली. "आत्याबाई, जरा येता का? नुसता हात धरायचाय."

आत्याबाई पीठ मळत होत्या. "मला न्हाई येत गाणं," त्यांनी तिथूनच सांगितलं.

"गायचं नाही. फिरायचं फक्त."

"रेवाला कोण घेईल?"

"दिग्या घेईल."

त्या आल्या खऱ्या, पण कोर्टात साक्षीला आल्यासारख्या. हात धुऊन, पदर खोचून, कुणाकडे न बघता. दोन्ही बायका पंख्याखाली समोरासमोर उभ्या राहिल्या. आक्का त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या. मला वाटलं, पीठ राहिलंय का बघताहेत.

"धर की," आत्याबाई म्हणाल्या.

आक्कांनी हात धरले.

रेवा दिग्याच्या मांडीवर बसून त्याची दाढी तपासत होती. त्यानं मोकळ्या हाताचं बोट वर केलं. मी तार छेडली. दोन म्हाताऱ्या माणसांची चार पावलं फरशीवर पडायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण इतके दिवस मी गिटारवर जो ताल शोधत होते तो मला सापडतच नव्हता. तो हा होता. मी घाईघाईनं गिटार त्यांच्या पावलांमागे नेली.

*सण आला पंचमीचा, आले मी माहेरी...*

आक्कांचा आवाज मोकळा सुटला. *तूप कुणी लपवलं गं, सांगा सयांनो?*

"कुणी गं कुणी?"

आक्का जरा अडखळल्या. पावलं चालूच होती. मग त्यांनी नाव घातलं:

*शालननं लपवलं गं, चुलीच्या मागं!*

माझी बोटं तारेवर गोठणार होती. कशीबशी चालू ठेवली. आत्याबाईंच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. एक फेरा त्या मुकाट फिरल्या. आणि मग, जिला गाणं येत नाही असं मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते, जिनं माझ्या पोरीला अंगाईसुद्धा कधी म्हटली नव्हती, त्या बाईनं मान वर केली:

*नणंद आली पंचमीला, बसली पाटावर,*
*बुडकुलं तुपाचं झालं रितं, डोळा ताटावर.*
*तूप कुणी संपवलं गं, सांगा सयांनो?*

"कुणी गं कुणी?" हे मी आणि दिग्या एकदम म्हणालो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

*वत्सलानं संपवलं गं, बोटं चाटून!*

पुढे जे झालं त्याला गाणं म्हणावं की भांडण, मला अजून ठरवता येत नाही. आक्कांनी तूप चुलीमागून काढून कणगीत लपवलं, आत्याबाईंनी ते कणगीतून काढून आक्कांच्या ओच्यात बांधलं. आक्कांनी मांजर आणलं, आत्याबाईंनी त्या मांजराला आक्कांची मिशी लावली. आवाज एकमेकींवर चढत होते आणि पाय मात्र एकाच तालात. रेवा टाळ्या पिटत होती. खालच्या मजल्यावरच्या काकांनी छताला काठीनं ठोकलं, तेही नेमकं समेवर.

संपलं तेव्हा दोघी धापा टाकत होत्या. आत्याबाईंनी हात सोडवले, रेवाला उचललं आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. मग भांडी वाजायला लागली. परात. मग पातेलं. मग झारा, पातेल्यावर.

"गेलं," मी दिग्याला म्हटलं.

"काय गेलं? सोनं आहे हे," तो म्हणाला. "असं मी उभ्या जन्मात रेकॉर्ड केलेलं नाही."

रात्री जेवताना आत्याबाई कुणाशी बोलल्या नाहीत. मी ताटात बघत विचार करत राहिले. ही बाई दिवसभर माझी पोर सांभाळते म्हणून मी दोन तारा छेडू शकते. आणि मी काय करणार, तर तिला तूपचोर म्हणून जगभर ऐकवणार. तिच्या माहेरचे ऐकतील. तिच्या भिशीतल्या बायका ऐकतील. बाकीची नावं चालतील, तिची उत्तरंही राहू देत, पण 'शालननं लपवलं' मधलं 'शालन' नको. सकाळी आक्का दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि मी दिग्याला फोन केला. आक्कांच्या कडव्यांत जिथे जिथे ते नाव आलंय तिथे ते काढ आणि त्या जागी गिटारचा एक झणका भर. तो खूप कुरकुरला. मग त्यानं ते केलं आणि मला स्वतःच्या समजूतदारपणाचं फार कौतुक वाटलं.

आठवडाभरानं त्यानं पुरं गाणं पाठवलं. आक्का आमच्याकडेच होत्या, गाल सुजून टोमॅटो झालेले, रव्याची पातळ खीर चमच्यानं ओढत. आत्याबाई शेंगा सोलत होत्या. मी फोन मध्ये ठेवला आणि गाणं लावलं.

दोघी ऐकू लागल्या. शेंगा थांबल्या. चमचा थांबला. *तूप कुणी लपवलं गं, सांगा सयांनो? कुणी गं कुणी?* आणि मग, *झण्ण... लपवलं गं, चुलीच्या मागं.*

"हितं काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुमचं नाव काढलंय," मी अभिमानानं सांगितलं.

"कुणी सांगितलं काढाय?"

"कुणी नाही. मलाच बरं वाटलं नाही. लोक काय म्हणतील, सासूला चोर..."

आत्याबाईंनी मांडीवरचं शेंगांचं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, त्या उठून जाणार. त्या उठल्या नाहीत. त्या आक्कांकडे बघायला लागल्या. आक्का खिरीकडे बघायला लागल्या.

"सांग की तिला," आत्याबाई म्हणाल्या.

"तोंड सुजलंय माझं," आक्का पुटपुटल्या.

"मग मी सांगते. ह्या आक्कांना आपल्या भावासाठी त्यांच्या सासरची एक पोरगी करायची होती. गोरी होती म्हणं. आली मी. त्या सालापासनं दर पंचमीला ह्या माहेराला यायच्या, फेर धरायच्या, आणि उभ्या राहायच्या कुठं? माझ्यापासनं लांब. रंगूचा हात धरतील, बायजाचा धरतील, शेजारच्या चुलत भावजयीचासुद्धा धरतील. रंगूनं तूप लपवलं, बायजानं पीठ चोरलं. सगळ्यांची नावं पडायची गाण्यात, हसून हसून लोळायच्या बाया. गावातल्या म्हाताऱ्या मला म्हणायच्या, शालन, तुझा मान हाय बाई, तुला कुणी नाव ठेवत न्हाई." आत्याबाईंनी मांडीवरची फोलपटं झटकली. "घरातल्या बाईचंच नाव घालत्यात फेरात. पावणीचं घालत न्हाईत."

मी फोनवरचं गाणं बंद केलं.

"पण तुम्ही त्या दिवशी भांडी आदळत होता," मी म्हटलं.

"मग काय करू? तुमच्या समोर रडू?"

आक्कांनी चमचा वाटीत ठेवला. "हात धरल्यावर दुसरं नाव येईना तोंडात," त्या सुजलेल्या गालातून म्हणाल्या. मग चमचा पुन्हा उचलत, "तूप पण खरंच लपवलं व्हतं हिनं."

"लपवलं व्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "परत आलीस तर परत लपवीन."

मी बाल्कनीत जाऊन दिग्याला फोन लावला. "नाव परत घाल. मूळ फाईल उघड आणि होतं तसं कर."

त्यानं विचारलं, "कुठली मूळ फाईल?"

"दिग्या."

"अगं, कार्ड एकच आहे माझ्याकडे. सोमवारी साडी सेलचं काम आलं. तूच म्हणालीस की ते नाव कधीच नको. त्याच्यावर आता सेल आहे. पैठणी आणि..."

"दिग्या, आक्कांच्या तोंडात दात नाहीत."

"हां," तो म्हणाला. "हा मुद्दा आहे."

संध्याकाळी तो माइक घेऊन आला, चेहरा पाडून. पुन्हा वाकळा, पुन्हा गादी, पुन्हा पंख्याला उलटा माइक. आक्कांना सांगितलं की फक्त नाव म्हणायचं, एकदाच, बास. त्या म्हणाल्या, नुसतं नाव म्हणजे हजेरी होईल, फेर धरल्याशिवाय ते गाण्यात बसणार नाही. तेव्हा सबंध गाणं झालं. दात नसलेल्या तोंडातून पंचमी, दिंडं, बुडकुलं, सगळं एकमेकांत कालवून आलं. आत्याबाईंना हसू आवरेना, त्यामुळे त्या तालात चुकल्या. आक्का चिडल्या. "पुन्यांदा," त्या म्हणाल्या. मग पुन्हा. आणि दरवेळी नाव आलं की त्या जरा जास्त ओढून म्हणायच्या, हात हलवत, शालनकडे बघत. दिग्यानं मिळालं म्हणून बोट खाली केलं तरी त्या थांबेनात.

"आक्का, पुरे, मिळालं," मी म्हटलं.

"मिळू दे. एवढ्या सालांचं व्याज राहिलंय, ते फिटू दे," आक्का म्हणाल्या.

"मुद्दल तरी फेड आधी," आत्याबाई म्हणाल्या आणि पुढचा फेरा सुरू झाला.

दिग्यानं त्यातलं नुसतं नाव उचलून आधीच्या गाण्यात झणक्याच्या जागी बसवलं आणि अल्बम निघाला. फार लोकांनी ऐकला असं नाही. ज्यांनी ऐकला त्यांनी एकच गोष्ट विचारली, की त्या एका शब्दापाशी गाणारी बाई अचानक एवढी म्हातारी का होते. पुण्याच्या एका गृहस्थांनी तर लिहिलं की एकाच नावापुरता स्वर भंगवण्याचा हा प्रयोग धाडसी आहे, मात्र त्यामागची भूमिका स्पष्ट होत नाही. आत्याबाईंनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग भिशीतल्या बायकांना फोन करून त्यांनी गाणं कुठं मिळेल ते सांगितलं, आणि तूप कितव्या मिनिटाला लपवलंय तेही.

अल्बमनंतर दर पंचमीला आमच्याकडे येऊन सोसायटीतल्या बायकांचा फेर धरणाऱ्या आक्का आता नाहीत. त्यांच्या मागे पहिल्या पंचमीला आमच्या सोसायटीतल्या बायका पार्किंगमध्ये जमल्या आणि म्होरकीची जागा मोकळी राहिली. आत्याबाई गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या, कुणी म्हटलंच नाही की जा म्हणून. तेव्हापासून दरवर्षी त्याच. पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी विरजण लपवलं, वॉचमनच्या बायकोनं चावी गिळली, समोरच्या नव्या सुनेनं तर येऊन महिना झाला नव्हता, तिनं गूळ पळवला. नावं पडतात, बायका पोट धरून हसतात. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून गिटार वाजवते, कारण आत्याबाईंनी सांगितलंय की ते असलं की पाय बरे पडतात.

यंदा फेर संपल्यावर आम्ही जिना चढत होतो. रेवा आता पहिलीत आहे. एका हातात तिच्या चपला, एका हातात माझं बोट. आत्याबाई पुढे गेल्या होत्या, वरच्या वळणावर त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. रेवा मनातल्या मनात काहीतरी मोजत होती. मग तिनं मला खाली ओढलं आणि कानात विचारलं,

"आई, आजी सगळ्यांची नावं घालते. तुझं कधी घालणार?"